बँड साडेसहा, पुढे काय?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला साठ मिनिटं असतात. पहिल्या प्रश्नाला किमान १५० शब्द, दुसऱ्याला २५०. शहरात खासगी गाड्यांवर बंदी असावी का, अशा धर्तीचा विषय येतो. आपलं मत मांडायचं, एक-दोन उदाहरणं द्यायची. त्यासाठी एकही पुस्तक वाचलेलं असावं लागत नाही, कुणाचं म्हणणं तपासून बघावं लागत नाही. साडेसहा बँड आले की ब्रिटनमधल्या पुष्कळ विद्यापीठांत एमएस्सीला प्रवेश मिळतो. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात आणि पहिलं सत्र संपता संपता तीन हजार शब्दांचा निबंध मागितला जातो, वीस-पंचवीस संदर्भांसकट. उन्हाळ्यात दहा ते पंधरा हजार शब्दांचा प्रबंध.

४०० शब्दांवरून १५ हजारांवर एका वर्षात कसं जायचं, हे शिकवण्याची जबाबदारी कुणाची? माझं उत्तर सरळ आहे: ज्याने फी घेतली त्याची.

साडेसहा बँड सगळ्याच विषयांना पुरत नाहीत, हे परीक्षा घेणाऱ्यांनी लपवलेलं नाही. विद्यापीठांसाठीच्या त्यांच्या मार्गदर्शनात एक तक्ता आहे. कायदा, पत्रकारिता, भाषाशास्त्र यांसारख्या भाषेवर भार टाकणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी साडेसात किंवा त्याहून जास्त बँड पुरेसे, सात असले तर बहुधा चालतील, आणि साडेसहा असतील तर विद्यार्थ्याला इंग्रजी आणखी शिकावं लागेल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शेती, गणित, तंत्रज्ञान अशा विषयांत हीच पट्टी अर्ध्या बँडने खाली येते. तरीही कितीतरी विद्यापीठं भाषेचा भार असलेल्या विषयांत साडेसहावर प्रवेश देतात. समोरच्याला अजून शिकवावं लागणार आहे, हे जाणूनच देतात. मग ते शिकवणं वेळापत्रकात का नाही?

पैशांचा मुद्दा टाळून हे बोलता येत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवीच्या फीवरची कमाल मर्यादा २०१७ पासून २०२५ पर्यंत ९,२५० पौंडांवर गोठलेली होती. महागाई वाढत राहिली आणि विद्यापीठांनी तूट भरून काढायला परदेशी विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला, कारण त्यांच्या फीवर मर्यादा नाही. २०२२-२३ मध्ये भारतीय विद्यार्थी संख्येने चिनी विद्यार्थ्यांच्या पुढे गेले. नाशिक, लातूर, अमरावतीकडची मुलं घर तारण ठेवून कर्ज काढतात. एका वर्षाच्या मास्टर्ससाठी वीस-पंचवीस हजार पौंड ही आता नेहमीची रक्कम झाली आहे. इतकी रक्कम घेतल्यावर भाषेचा आधार मेहेरबानीसारखा बाजूला ठेवणं मला मुळीच मान्य नाही.

तो आधार असतो, नाही असं नाही. त्याला ‘इन-सेशनल’ म्हणतात. पहिल्या आठवड्याच्या ओरिएंटेशनमध्ये लायब्ररी, जिम आणि बँक खात्याच्या माहितीबरोबर त्याचीही एक स्लाइड येते. वर्ग ऐच्छिक. क्रेडिट शून्य. वेळ बहुधा संध्याकाळची, नाहीतर बुधवारची दुपार, जी तिथल्या विद्यापीठांत खेळांसाठी मोकळी ठेवण्याची पद्धत आहे. आपला विद्यार्थी संध्याकाळी कुठे असतो? व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं आणि खोलीचं भाडं त्यातूनच निघतं. तो गोदामात किंवा सुपरमार्केटच्या काउंटरवर असतो. ज्याला त्या वर्गाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तिथे पोचता येत नाही. मग वर्गात आठ जण येतात आणि वर्षाच्या शेवटी कुणीतरी अहवालात लिहितं की मागणी कमी आहे.

जानेवारीत पहिले गुण येतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सला पास व्हायला ५० लागतात, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. आपल्या विद्यार्थ्याला ४८ मिळतात. शेरा असतो: वर्णन फार, चिकित्सा कमी. हा शेरा ब्रिटनमध्ये शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी मुला-मुलीने कधी ना कधी वाचलेला असतो. तो वाचून विद्यार्थी काय करतो? आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समजून व्याकरण तपासणारं ॲप विकत घेतो. काळ, वचन, आर्टिकल सगळं दुरुस्त होतं. पुढच्या निबंधाला ५१ मिळतात आणि शेरा तोच राहतो.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळा घोळ इथेच आहे. विद्यार्थ्याने लिहिलेलं असतं: अमुक लेखकाच्या मते लहान उद्योगांना सवलतीच्या कर्जाचा फायदा होतो, तमुकाच्या मते होत नाही, तिसऱ्याच्या मते काही प्रमाणात होतो. तिन्ही वाक्यं शुद्ध. प्राध्यापकाला हवं असतं ते वेगळं: पहिल्याने कारखाने पाहिले आणि दुसऱ्याने दुकानं, म्हणून त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत, तिसऱ्याने दोन्ही पाहिले पण एकाच जिल्ह्यात, माझ्या प्रश्नासाठी पहिल्याची पद्धत जास्त उपयोगी, कारण अशी अशी. हे इंग्रजी मुळीच अवघड नाही. नववीच्या शब्दसंग्रहात बसेल. अवघड आहे ती त्यामागची शिस्त: दुसऱ्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडायचं, ते कुठे उणं पडतं ते दाखवायचं आणि मग आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. आपल्याकडे शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला बसता येत नसे. आगरकर आणि टिळक एकमेकांविरुद्ध लिहीत तेव्हा याच शिस्तीने लिहीत. ही गोष्ट मराठी माणसाला परकी आहे असं कुणी सांगत असेल, तर मी ते ऐकून घेणार नाही. परकी ती आपल्या आजच्या परीक्षांना आहे.

ही शिस्त शिकवता येते, हेही जगाला ठाऊक आहे. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारे ब्रिटिश विद्यापीठांमधले शिक्षक १९७२ मध्ये एकत्र आले, त्यांचीच संघटना आज बॅलीप म्हणून ओळखली जाते. जॉन स्वेल्स या अभ्यासकाने खार्टूम आणि बर्मिंगहॅममध्ये परदेशी विद्यार्थ्यांना शिकवत शिकवत शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या आणि १९९० च्या पुस्तकात त्यांची घडण उलगडून दाखवली: आधी विषयाचं क्षेत्र सांगा, मग त्यात काय राहून गेलंय ते दाखवा, मग तुम्ही त्याचं काय करणार ते लिहा. एका दुपारी शिकवता येईल अशी ही गोष्ट. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन मॉर्ली यांनी अशा लेखनात लागणाऱ्या वाक्यरचनांचा ‘ॲकॅडमिक फ्रेजबँक’ तयार केला, तो इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं लेखन-मार्गदर्शन १९९४ पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. पन्नास वर्षांचं शहाणपण जमा आहे. विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंत ते पोचत नाही, एवढंच.

का पोचत नाही? कारण ज्याला लिहायला शिकवता येतं तो शिक्षक विभागाबाहेर बसतो. त्याला निबंधाचा प्रश्न माहीत नसतो, रीडिंग लिस्ट माहीत नसते, गुण कसे देतात ते माहीत नसतं. ज्या प्राध्यापकाला हे सगळं माहीत असतं तो म्हणतो, भाषा हा माझा विषय नव्हे. पुष्कळ ठिकाणी भाषेचे शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा तात्पुरत्या करारावर असतात. काही विद्यापीठांनी तर प्रवेशपूर्व भाषावर्ग खासगी कंपन्यांबरोबरच्या भागीदारीत चालवायला दिले आहेत. ज्यांच्या कामावर परदेशी विद्यार्थ्याचा निकाल ठरतो, त्यांना विभागाच्या बैठकीत खुर्ची नाही. हे बदलायला नवा शोध लावायची गरज नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या उर्सुला विन्गेट यांनी २०१५ च्या पुस्तकात हेच सांगितलंय: लेखन शिकवणं विषयाच्या आत आणा, सगळ्यांसाठी आणा, विषयाचा प्राध्यापक आणि भाषेचा शिक्षक यांना एका कामाला लावा.

सगळ्यांसाठी, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची एक छोटी भाषाचाचणी होते, डेल्ना नावाची. ती स्थानिक आणि परदेशी, दोघांसाठीही. तिच्यामुळे प्रवेश जात नाही. कुणाला मदत लागेल ते कळतं, मग पुढची सविस्तर चाचणी आणि सल्लागाराची भेट. तिथे पुण्याहून आलेल्या मुलीला ‘तू परदेशी, तू कच्ची’ असं ऐकावं लागत नाही, कारण शेजारी बसलेला ऑकलंडचा मुलगाही तोच कागद सोडवत असतो. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये सरकारच्या पुढाकाराने विद्यापीठांसाठी तत्त्वं ठरवली गेली. विद्यार्थ्याचं इंग्रजी अभ्यासाला पुरेसं असेल हे पाहणं विद्यापीठाचं काम, हे त्यातलं पहिलंच. कागदावर हे लिहून झालेलं आहे. अंमल करायचा की नाही, एवढंच विद्यापीठांच्या हाती उरतं, आणि बहुतेक जण करत नाहीत.

आणखी एक उलटी गंमत चालू आहे, जिचा मला खरोखर संताप येतो. ज्याला अर्धा बँड कमी पडला त्याला सहा किंवा दहा आठवड्यांचा प्री-सेशनल कोर्स करायला लावतात, जादा पैसे घेऊन. त्यात तो संदर्भ देणं, सारांश काढणं, सेमिनारमध्ये बोलणं शिकतो. ज्याला नेमके साडेसहा मिळाले तो यातलं काहीही न शिकता थेट वर्गात बसतो. जास्त गुण मिळवल्याचं हे फळ! प्रवेशाची रेष ओलांडली की गरज संपली, या समजुतीवर सगळी व्यवस्था उभी आहे.

परीक्षेच्या कागदावर एवढा भार टाकला की काय होतं ते ब्रिटनने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने टोइक या इंग्रजीच्या परीक्षेच्या काही केंद्रांवरची फसवणूक दाखवली. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेने २०११ ते २०१४ मधल्या ५८ हजारांहून जास्त परीक्षा तपासून ५८ टक्के अवैध आणि ३९ टक्के शंकास्पद ठरवल्या. म्हणजे ९७ टक्के! एवढ्या आकड्यावर कुणालाही शंका यायला हवी होती. गृहखात्याने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द केले. त्यांत भारतीय, बांगलादेशी, पाकिस्तानी मोठ्या संख्येने होते, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे परीक्षा दिली तेही भरडले गेले. हजारो जण पुढे अपिलात जिंकले, पण वर्षं गेली ती गेलीच. २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने निर्दोषांच्या बचावाकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही, असा ठपका ठेवला. विद्यार्थ्याला समोर बसवून पाच मिनिटं बोललं असतं तरी कितीतरी प्रकरणं तिथेच मिटली असती.

तोच अविश्वास आता नव्या यंत्रातून परत आलाय. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारी सात सॉफ्टवेअरं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेलचे ९१ निबंध त्यांना दिले; सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. कारण साधं आहे: ज्याचे शब्द मोजके, वाक्यं सरळ, त्याचं लेखन सॉफ्टवेअरला यांत्रिक वाटतं. जपून, साधं लिहिणाऱ्या मुलावरच संशय. अशा सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून कुणाला चौकशी समितीपुढे उभं करणं हा अन्याय आहे आणि विद्यापीठांनी तो ताबडतोब थांबवावा.

निबंध विकत देणाऱ्यांचा धंदा नापास होण्याच्या भीतीवर चालतो. इंग्लंडने २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये तो कायद्याने गुन्हा ठरवला. तरी व्हॉट्सॲपवर मेसेज येत राहतात, आणि ज्याला रात्री अकराला विचारायला दुसरं कुणी नाही तो त्याला उत्तर देतो.

आता आपल्या घरात. आपल्याकडच्या क्लासेसमध्ये निबंधाचे साचे पाठ करून घेतात. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं, शेवटचं ठरलेलं, मध्ये विषय घाला. विद्यार्थी बँड घेऊन बाहेर पडतो आणि क्लासच्या दारावर त्याचा फोटो लागतो. क्लासवाल्यांना दोष देऊन मी थांबणार नाही, कारण त्याआधी तीन वर्षं तो कॉलेजात होता. तिथे त्याला किती निबंध लिहायला लागले? किती पुस्तकांचे संदर्भ द्यायला लागले? गाइडमधलं उत्तर उतरवून साठ टक्के मिळत असतील, तर संदर्भ देण्याची सवय लागणार कधी? यूजीसीचा वाङ्मयचौर्याचा नियम २०१८ चा. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू काहीही असो, मुलांपर्यंत पोचला तो फक्त टक्क्यांचा आकडा. मग परिच्छेद उचलायचा, ‘पॅराफ्रेजिंग टूल’मध्ये घालून शब्द उलटेपालटे करायचे, टक्का खाली आणायचा. हेच मूल लीड्स किंवा ग्लासगोला जाऊन तेच करतं आणि तिथे ते गैरवर्तन ठरतं. त्याला खरोखर कळत नाही की आपलं काय चुकलं. त्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं की प्रश्न किती शब्द जुळतात याचा नसून विचार कुणाचा आहे याचा आहे.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी मी नेहमी भांडत आलोय आणि भांडत राहीन. ज्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं तिथली मुलं जगातल्या नामांकित विद्यापीठांत बसतात, यापेक्षा चांगला खर्च सरकार कुठे करतं? म्हणूनच माझी मागणी आहे की निवड झाल्यापासून विमानात बसेपर्यंतच्या काळात या मुलांना तीन महिन्यांचं लेखन-प्रशिक्षण मिळावं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणावर खर्च करतातच. त्याच छताखाली तिकडून शिकून आलेले विद्यार्थी शिकवायला बोलवा. पहिला महिना मराठीतच घ्या: दोन लेख वाचा, दोघांचं कुठे जुळत नाही ते एका पानात लिहा. मराठीत हे जमलं की इंग्रजीत न्यायला फार वेळ लागत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला आधी त्याची स्वतःची भाषा विसरायला लावणारी तयारी मला नको.

सध्या ऑफर लेटर घेऊन कन्सल्टंटच्या ऑफिसात बसलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आता हातात धरण्यासारखं काही सांगतो. शहर कसं आहे, हॉस्टेल कसं आहे हे विचारता, तसं हेही विद्यापीठाला विचारा. माझ्याच विभागासाठी वेगळे लेखनवर्ग आहेत का, की सगळ्या विद्यापीठाला मिळून एकच? ते वेळापत्रकात आहेत की संध्याकाळी? एका विद्यार्थ्याला समोरासमोर किती वेळा भेट मिळते आणि भेटीत माझाच निबंध पाहतात का? सगळ्यात महत्त्वाचं: जून ते ऑगस्टमध्ये, मी प्रबंध लिहीत असेन तेव्हा, हे शिक्षक उपलब्ध असतात का? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. त्या महिन्यांत पुष्कळ विद्यापीठांत भाषेचे शिक्षक पुढच्या वर्षी येणाऱ्यांच्या प्री-सेशनलवर लावलेले असतात आणि १५ हजार शब्द लिहिणारा एकटा पडतो.

फोनवरच्या ‘हो हो, सगळं आहे’वर विसंबू नका. कन्सल्टंटला पुष्कळदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. प्रश्न थेट विभागाला ई-मेलने पाठवा. उत्तर लेखी येईपर्यंत डिपॉझिट भरू नका.